पाहुण्यांनी बोलायचं नाही

रोडगे करण्यात काही विशेष नसतं, असं माझी थोरली म्हणाली, आणि नेमकं माझ्या सासूबाईंसमोर म्हणाली.

संक्रांतीच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो होतो. मी आणि नवरा दोघंही यवतमाळात नोकरी करतो. शेती राळेगावकडे आहे, ती दीर बघतात. आम्ही सणावाराला जातो, हरभऱ्याचे घाटे खातो, ‘यंदा तूर बरी दिसते’ असं म्हणतो आणि परत येतो. त्या वेळी दीर-जाऊ पांढरकवड्याला एका लग्नाला गेले होते. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि तीन लेकरं. माझी थोरली बारा वर्षांची, धाकटा सहाचा, आणि दिराचा मुलगा दहाचा. चुलत भावंडं आलीत म्हटल्यावर तो लग्नाला जायलाच तयार झाला नव्हता.

या दिवसांत वावरात रोडग्यांचं जेवण ठरलेलं असतं. जाडसर दळलेल्या गव्हाची घट्ट कणीक भिजवायची, तेल लावत पदरापदराचे गोळे वळायचे आणि गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे. मग राख झटकून रोडगा फोडायचा, त्यात तूप ओतायचं आणि वांग्याच्या झणझणीत भाजीसोबत खायचा. हे सगळं खातं सासूबाईंच्या हातात. त्यांच्या रोडग्यांचं नाव आजूबाजूच्या गावांत निघतं, असं त्या स्वतः सांगतात.

“आजी, त्यात एवढं काय आहे?” थोरली हातातला माझा मोबाईल दाखवत म्हणाली. “कणीक भिजवायची, गोळे करायचे, विस्तवात टाकायचे. मी व्हिडिओ पाहिला. तीन मिनिटांत होतात.”

सासूबाई तीळ निवडत होत्या. हात थांबला.

“तीन मिंटात?”

“हो.”

“मंग करा उद्या. वावरात. तुमी तिघं मिळून करा, आमी जेवाले येतो.”

मी लगेच मध्ये पडले. “आई, त्यांना एकट्यांना नाही जमणार. मी राहते ना सोबत. फक्त लक्ष ठेवीन.”

“तू लक्ष ठेवलं की रोडगे तुये होतात, तिचे नाई होत,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “तिच्या दप्तरात पाण्याची बाटली कोण ठेवते? तूच. वह्यायले कव्हर कोण लावते? तूच. पोट्टी बारा वर्साची झाली, अजून तिले चुकाले जागा भेटली नाई.”

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे बरंच काही होतं, पण नवरा मान खाली घालून हसत होता, म्हणून मीही तीळ निवडायला घेतले.

मग सासूबाईंनी नियम घातले. उद्या आम्ही चौघं मोठे म्हणजे पाहुणे. पाहुणे झाडाखाली बसतील. काय चुकलं, काय राहिलं, हे पाहुण्यांनी सांगायचं नाही. लेकरांनी आपणहून विचारलं तर जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं. आग अंगावर येत असेल, कोणी विहिरीकडे जात असेल, साप निघाला, तर बोलायला परवानगी. बाकी जो पाहुणा तोंड उघडेल, त्यानं संध्याकाळी सगळी भांडी घासायची.

“गंज बी?” सासऱ्यांनी विचारलं. गंज म्हणजे भाजीचं मोठं पातेलं, आणि चुलीवर चढलेला गंज घासणं काय असतं, ते त्यांना माहीत होतं, लांबून पाहून.

“गंज पयले,” सासूबाई म्हणाल्या.

लेकरांनी त्याच संध्याकाळी तयारीला सुरुवात केली. पुतण्याने गोवऱ्यांची दोन टोपली सायकलवर वावरात नेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचून ठेवली, सकाळी घाई नको म्हणून. परत आल्यावर त्यानं ते फुशारकीनं सांगितलं. जानेवारीचं दव, उघड्यावर रचलेल्या गोवऱ्या. मी वळून नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं. नियम उद्यापासून होते खरं तर, पण सासूबाई दारातच बसल्या होत्या.

सकाळी ओट्यावर सामान मांडलं गेलं. कणीक, तेल, वांगी, टमाटे, मसाल्याची पुडी, सांबाराची हिरवीगार जुडी. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, आणि यवतमाळबाहेरच्या पाहुण्यांची त्यावरून हमखास फजिती होते. थोरली एकेक वस्तू पिशवीत भरत होती आणि माचिस, माचिस, माचिस असा जप चालला होता. विस्तव पेटवायचं साधन विसरलं तर सगळंच संपलं, ही गोष्ट तिच्या डोक्यात इतकी पक्की बसली होती की तिन्ही लेकरांनी आपापल्या खिशात एकेक माचिस घेतली. तीन माचिशी घेऊन वरात निघाली.

मिठाची बरणी ओट्यावरच राहिली.

मी ती बघितली. सासूबाईंनीही बघितली. आमची नजरानजर झाली. माझं तोंड उघडलं, आत हवा गेली आणि तेवढ्यात सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “गंज मोठा आहे बरं सुनबाई.”

मी तोंड मिटलं. चप्पल घालताना मात्र मनात आलं की पदराच्या टोकाला चिमूटभर मीठ बांधून न्यावं. वळून ओट्याकडे हात केला तर बरणी जागेवर नव्हती. ती सासूबाईंनी उचलून वरच्या फळीवर ठेवली होती, माझा हात पुरणार नाही इतकी मागे. चौदा वर्षांच्या संसारात त्यांनी मला एवढं नीट ओळखलं असेल, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

वावर घरापासून पायी अर्ध्या तासावर. कडुनिंबाखाली सतरंजी घालून आम्ही पाहुणे बसलो. शेजारच्या वावरात कापसाची शेवटची वेचणी चालली होती, पाच-सहा बाया कमरेला ओटी बांधून वाकलेल्या. ऊन कोवळं होतं. छान वाटत होतं. पहिला तासभर फार छान वाटलं.

मग धूर सुरू झाला.

दव खाल्लेल्या गोवऱ्या पेटत नाहीत, त्या नुसत्या रुसतात. पुतण्या जमिनीला गाल टेकवून फुंकत होता. धाकटा पुठ्ठ्यानं वारा घालत होता, पण धूर ज्या बाजूला जायचा त्याच बाजूला उभा राहून. थोरलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ओरडत होती, “फुंक ना नीट!”

“तूच फुंक ना वं! मी काय पंखा आहो?” पुतण्या म्हणाला.

तीन माचिशींपैकी एक इथेच संपली. सासरे सतरंजीवर बसून तळमळत होते. ते जन्मभर विस्तव पेटवत आलेले. त्यांनी एकदा घसा खाकरला, एकदा मोठ्यानं उसासा सोडला, मग धुऱ्याच्या कडेला रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगाकडे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांकडे, एकटक बघत बसले.

“काय पाहून राह्यले तिकडे?” सासूबाईंनी दरडावलं.

“वावर माया आहे. मी पाहू बी नको?”

पुतण्याच हुशार निघाला. आबाजी इतका वेळ कुठं बघतायत म्हणून त्यानंही तिकडे बघितलं, आणि टुणकन उठून पऱ्हाटीचा भारा ओढत आणला. भडका झाला. लेकरांनी आरोळी ठोकली. आम्हीही टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना नियमात बंदी नव्हती.

त्या आनंदाच्या भरात थोरलीनं पहिले रोडगे सरळ जाळात टाकले.

जाळात टाकलेला रोडगा बाहेरून कोळसा होतो आणि आतून कणीक राहतो. हे मला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, शेजारच्या वावरातल्या बायांना माहीत होतं आणि कडुनिंबावरच्या कावळ्यालाही बहुतेक माहीत होतं. नवऱ्यानं माझं मनगट धरून ठेवलं होतं. “बसून राह्य,” तो पुटपुटत होता, “बसून राह्य.” मग एकाएकी त्यानंच मनगट सोडलं आणि उठला. “मी जरा विहिरीवरची मोटार पाहून येतो.”

एव्हाना ऊन डोक्यावर आलं होतं. सकाळी घरात चहाशिवाय काही झालं नव्हतं, कारण वावरात जेवायचं होतं. पोटात खड्डा पडला होता. मीही पाय मोकळे करते असं सांगून निघाले. खरं तर धुऱ्यावरच्या बोरीचा मला सकाळपासून अंदाज होता. तुरीच्या ओळींतून आवाज न करता पलीकडे गेले, तर बोरीखाली सासूबाई. त्या मघाशी कधी उठल्या, ते मला कळलंच नव्हतं. एका हातात बोरं, तोंडाच्या एका बाजूला फुगवटा.

“मी पाय मोकळे करून राह्यली,” त्या म्हणाल्या. बी गालात फिरवून.

“मीपण,” मी म्हटलं, आणि फांदी वाकवली.

आम्ही दोघी सासू-सुनांनी न बोलता बोरं खाल्ली. परत येताना विहिरीजवळ डोकावलो तर मोटार बंद होती आणि नवरा हरभऱ्यात उकिडवा बसून घाटे सोलत होता. त्याच्यासमोर टरफलांचा ढीग पडला होता. सासऱ्यांना कुठंही जावं लागलं नव्हतं. त्यांच्या बंडीच्या खिशात फुटाणे होते, घरून निघतानाच भरून घेतलेले. ते हे सगळं कोळून प्यालेले होते.

आम्ही सतरंजीवर परत बसलो तेव्हा तिघं चुलीभोवती वाकली होती. पहिले रोडगे बाहेर काढले होते. थोरलीनं एक फोडला. आतून कच्ची कणीक तिच्या बोटांना चिकटली. दुसरा फोडला, तोही तसाच. धाकटा म्हणाला, “मी वरचं वरचं खाऊ का?” आणि एक काळा तुकडा तोंडात टाकून लगेच बाहेर काढला.

एवढ्यात शेजारच्या वावरातलं कुत्रं आलं. आलं आणि एक रोडगा उचलून पळालं. पुतण्या दगड घेऊन मागे धावला. कुत्रं थोडं पुढे जाऊन थांबलं, रोडगा खाली ठेवला, हुंगला, एकदा चाटला, आमच्याकडे वळून बघितलं आणि रोडगा तिथेच टाकून चालतं झालं.

नवऱ्याच्या तोंडातून ‘फुस्’ असा आवाज आला. त्यानं तो खोकल्यात लपवला. मी त्याला कोपर मारलं, कारण मी थोरलीचा चेहरा बघत होते. तिनं हातातला रोडगा खाली ठेवला. ओढणीनं तोंड पुसलं, म्हणजे तोंडावरची राख गालभर पसरवली, आणि ती तुरीत शिरली. उंच तूर. क्षणात दिसेनाशी झाली. मग हुंदका ऐकू आला.

मी उठले. खरंच उठले. भांड्यांचं काय ते होऊ दे. पण सासूबाईंनी बसल्या जागेवरून माझ्या साडीच्या निऱ्या धरल्या होत्या, अशा धरल्या होत्या की पुढे पाऊल टाकलं असतं तर सगळ्या वावरासमोर शोभा झाली असती.

“आई, ती रडते आहे.”

“मले ऐकू येते.” त्यांचा आवाज मघासारखा नव्हता. “मलेही जावंसं वाटून राह्यलं. पण तू आत्ता गेलीस त ती तुया कुशीत रडन, आन् मंग घरी जाऊ म्हणन. थांब जराशी. नाईच आली त दोघी जाऊ.”

मी बसले. तुरीकडे बघत बसले. तिला लहानपणी साधी ठेच लागली तरी ती रडायच्या आधी माझा हात तिथं पोचायचा. तेवढ्या वेळात काय काय मनात आलं सांगता येत नाही. आपण किती दुष्ट आहोत असंही आलं. त्याच वेळी सासऱ्यांच्या दाताखाली फुटाणा कडकन वाजला, आणि सासूबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचा फुटाणा त्यांनी तसाच गिळला असावा.

हुंदके थांबले. मग पलीकडच्या हौदातल्या पाण्याचा आवाज आला. तूर हलली आणि थोरली बाहेर आली, तोंड धुतलेलं, नाक लाल. ती सरळ चुलीपाशी गेली आणि जळक्या रोडग्यांचं टोपलं बाजूला सारलं.

“अर्धी कणीक उरली आहे,” ती भावांना म्हणाली. “पुन्हा करू. रडून झालं माझं.”

मग ती आमच्याकडे वळली, म्हणजे तिच्या आजोबांकडे. “आबाजी, विस्तव तयार झाला हे कसं ओळखायचं?”

सासरे या प्रश्नाची सकाळपासून वाट बघत होते. ते सावरून बसले. “जाळ सरला पायजे पोरी. नुसता लाल आर दिसला पायजे, वरून राखेची झिलई. हात धरून पाय, धरवला नाई की समज झाला. मंग रोडगे आत दाबाचे, वरून गरम राख, मंग घाई नाई कराची, मंग अर्ध्यातून पलटवाचे, आन् कणकीत पाणी...”

“तिनं एवढंच विचारलं!” सासूबाई गरजल्या.

सासरे मिटले. पण पोरीनं ऐकलं होतं. या खेपेला तिघंही निखाऱ्यांचा आर होईपर्यंत थांबली. धाकट्याला थांबवणं सर्वांत अवघड गेलं. त्याला ‘झाला का, झाला का’ विचारायला बंदी करावी लागली. रोडगे राखेत दबले. बाजूला तीन दगडांवर वांग्याची भाजी रटरटत होती. वास असा सुटला होता की आम्ही पाहुणे एकमेकांकडे बघणंही टाळत होतो.

थोरलीनं पळीभर रस्सा तळहातावर घेऊन चाटला. चेहरा कोरा. पुन्हा चाटला. पुतण्याला दिला. त्यानं चाटला.

“काहीतरी राह्यलं,” तो म्हणाला.

“काय राहिलं?”

धाकट्यानं बोट बुडवून चाटलं आणि सांगितलं, “मीठ.”

तिघांनी सगळ्या पिशव्या आणि खिसे उलटे केले. दोन माचिशी निघाल्या. मी आभाळाकडे बघत होते. थोरली माझ्याकडे वळली.

“आई, तुला माहीत होतं?”

आता हे तिनं आपणहून विचारलं होतं. “हो,” मी म्हटलं.

“सकाळपासून?”

“हो.”

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की ती मला अजून आठवते. राग होता, पण त्यात थोडं कौतुकही होतं असं मला वाटलं; आईनं इतका वेळ तोंड बंद ठेवलं याचं असेल. मग ती चुलत भावाला म्हणाली, “घरी जाऊन यायला वेळ नाही. चल.”

दोघं धुरा ओलांडून शेजारच्या वावरात गेली. तिथं बाया जेवणाच्या सुट्टीसाठी डबे सोडत होत्या. त्यांचं बोलणं आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं, कारण त्या मुद्दाम ऐकू जाईल असं बोलत होत्या.

“मीठ पायजे? काहून रे, शयरातले पाहुणे अळणी खात नाई काय?”

“मावशी, विसरलं,” पुतण्या म्हणाला.

“अन् मघाशी ते काय जाळून राह्यले होते? आमाले वाटलं टायर पेटवलं.”

बाया खदखदून हसल्या. थोरली तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “ते रोडगे होते. पहिले जळले. दुसरे चांगले होत आहेत. तुम्ही पण या ना जेवायला.”

मी मनातल्या मनात रोडगे मोजले. अर्धी कणीक, आम्ही सात आणि आता त्या सगळ्या. नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. “माय, तुयी नात कामातून गेली,” तो सासूबाईंना म्हणाला.

“चूप. पाहुणे बोलत नाई.”

बाया आल्या. कागदाच्या पुड्यांत मीठ घेऊन आल्या, डब्यांतल्या भाकरी, ठेचा, लोणचं घेऊन आल्या आणि सतरंजीच्या कडेनं बसल्या. तेवढी आमची आशा वाढली. पण मीठ आणल्याच्या आनंदात पुढची गडबड झाली. थोरलीनं भाजीत मीठ घातलं आणि ती रोडगे पलटवायला गेली. तिनं घातलं हे न कळून पुतण्यानं घातलं. आणि ज्यानं मिठाचा शोध लावला होता त्या धाकट्याला वाटलं, हा मान आपलाच, म्हणून त्यानं उरलेली पुडी झटकली. हे आम्ही सगळ्यांनी बघितलं. आठ-दहा मोठी माणसं बघत बसली आणि एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. बायांना तर सासूबाईंनी आल्याआल्याच नियम सांगून टाकला होता, आणि त्यांना तो भारी आवडला होता. एकीनं पदर तोंडात कोंबला होता.

रोडगे निघाले. या वेळी वरून खरपूस, राख झटकली तर तपकिरी, आणि फोडल्यावर आतून पदर सुटलेले. पानं वाढली गेली. धाकट्याकडे तुपाचा डबा होता. त्यानं पहिल्या रोडग्यावर डबा वाकवला, तूप थिजलेलं, काही पडेना. मग त्यानं डबा पूर्ण उलटा धरला आणि बुडावर थाप मारली.

“अरे तूप! तूप! माया मायबाई, सगळं तूप!”

हे सासूबाई ओरडल्या होत्या. दोन्ही हात पुढे करून, अर्ध्या उठलेल्या.

तुपाचा गोळा एकाच रोडग्यावर धप्पकन बसला. मग पहिल्यांदा सासऱ्यांना हसू फुटलं. ते इतके हसले की खिशातले फुटाणे सतरंजीवर सांडले आणि त्यांचंही बिंग फुटलं.

“आजी बोलली!” पुतण्या नाचायला लागला. “आजी बोलली, आजी गंज घासन!”

“मी पोराले कुठं बोलली?” सासूबाई म्हणाल्या. “मी तुपाले बोलली.”

वेचणीच्या बायांपैकी जी सर्वांत वयस्क होती, तिनं न्याय दिला. “बुढे, तूप काई लेकरू आहे काय? तू बोलली म्हणजे बोलली.” निकाल एकमतानं पास झाला. सासूबाईंनी निकाल मानला, पण ते तूप चमच्यानं उचलून सगळ्यांच्या पानात सारखं वाटल्याशिवाय त्यांनी घास घेतला नाही.

आता जेवण. रोडग्यात मीठ मुळीच नव्हतं, आणि भाजीत समुद्र होता. पहिल्या घासाला सगळ्यांचे डोळे मोठे झाले. थोरली एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा पुतण्यानं रोडगा नीट कुस्करला, त्यावर भाजीचे दोनच थेंब शिंपडले, कालवलं आणि खाल्लं.

“असं खा,” तो जाहीर करत म्हणाला. “रोडगा पुरा, भाजी वासापुरती.”

तसंच सगळ्यांनी खाल्लं. चांगलं लागलं की भूक होती म्हणून चांगलं लागलं, ते मी सांगू शकत नाही. एकेकाच्या वाट्याला एकच रोडगा आला. बाकीचं पोट बायांच्या भाकरी-ठेच्यावर भरलं. मी तर ठेचा दोनदा मागून घेतला. बाया उठताना त्या वयस्क बाईनं थोरलीच्या पाठीवर हात ठेवला. “विस्तव जमला तुले,” ती म्हणाली. “बाकी हात बसन हळूहळू.” एवढ्याशा शब्दांनी थोरलीचे कान लाल झाले.

सासूबाईंनी खरंच गंज घासला. विहिरीच्या काठाशी बसून, राखेनं, पुटपुटत. मी मदतीला गेले तर त्यांनी मला हुसकून लावलं. “जा तिकडे. मायी चूक आहे, मी निस्तरन.” म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्याला हसल्या.

त्या दिवसानंतर थोरली एकदम शहाणीसुरती झाली, असं मी म्हणणार नाही. अजूनही तिचे पेन हरवतात, अजूनही ओला टॉवेल पलंगावर असतो. फरक कुठं पडला असेल तर माझ्यात, आणि तोही फार नाही. तिच्या वह्यांना मी आता कव्हर लावत नाही. लावायचे विचार मात्र येतात.

पण फेब्रुवारीत एका शनिवारी ती म्हणाली, “मी मावशीकडे एकटी जाते.” माझी बहीण नेरला असते. यवतमाळहून एसटीनं तासाभराचा रस्ता. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. उघडलेल्या तोंडानं मी म्हटलं, “जा.” स्टँडवर सोडलं, गाडी लागली, तिनं खिडकीतून हात हलवला. नवरा शेजारी उभा होता आणि कंडक्टरला काही सांगावं का, या विचारात त्यानं दोनदा एक पाय पायरीवर ठेवला आणि काढला.

पोचायची वेळ होऊन गेली. फोन नाही. मी बहिणीला फोन लावला नाही. नवऱ्याला लावू दिला नाही. त्यानं घरातले सगळे पंखे पुसले. बऱ्याच वेळानं बहिणीच्या मोबाईलवरून तिचा फोन आला. मागे कढईचा आवाज येत होता.

“पोचले. मावशी शिरा करते आहे.”

“उशीर झाला?”

“हो, एक स्टॉप आधीच उतरले. कोणीतरी नेर, नेर म्हणालं तर मी उतरले. तो नुसता फाटा होता.”

“मग?”

“मग काय, विचारत विचारत आले. थोडं चालावं लागलं. ठेवते, शिरा झाला.”

मी फोन ठेवला. नवरा ओलं फडकं हातात घेऊन स्टुलावर उभा होता.

“काय म्हणाली?”

“पोचली. एक स्टॉप आधी उतरली, थोडं चालावं लागलं म्हणाली.”

“थोडं म्हणजे किती?” तो ओरडला.

मी विचारलं नव्हतं. विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं, पण तोवर ती शिरा खायला गेली होती.